विश्लेषण : घरात कोळशाची शेगडी पेटवताय? आधी धुराची वाट ठरवा, मग शेगडी घ्या!

आंघोळीच्या पाण्याचा बंब, मासे भाजायची शेगडी आणि बाळंतिणीचा शेक. करंजासारख्या किनाऱ्यावरच्या गावात कोळसा आजही घरात येतो. मात्र बंद खोलीत पेटलेले निखारे जिवावर बेतू शकतात. कोळशावरची ऊब हवी असेल तर काय निवडावे, कुठे ठेवावे आणि काय अजिबात करू नये?

डिसेंबर उजाडला की कोकणातही पहाटे अंगावर काटा येतो. माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली उतरतो, कोळशाच्या गोण्यांची चौकशी सुरू होते. पनवेल-उरण पट्ट्यातील करंजा हे द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याचे, खाडीच्या तोंडावरचे मासेमारीचे गाव. समोर रेवस, मध्ये खाडी. मुंबई हायमधील तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांतून ज्या उरणमध्ये येतो आणि जिथे ओएनजीसीच्या प्रकल्पात स्वयंपाकाचा गॅस तयार होतो, तेही इथून जवळच. तरीही अनेक घरांत गॅससोबत कोळसा, लाकूड आणि नारळाची सोडणे असतातच. पाणी तापवायला सिलिंडर वापरणे परवडत नाही, हे एक कारण. सवय आणि चव, ही दुसरी दोन.

कोळशाची शेगडी घेताना बहुतेक जण आकार आणि किंमत पाहतात. पण पहिला प्रश्न वेगळा आहे. जळताना तयार होणारा वायू घराबाहेर कुठून जाणार?

करंजात खोली तापवण्याची गरज आहे का?

खरे तर नाही. समुद्र जवळ असल्याने हवा लवकर थंड होत नाही. रायगडच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्रीचे किमान तापमान साधारण १६ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. निफाडला पारा एक अंकी होतो, तशी स्थिती इथे नसते. दारे-खिडक्या लावलेल्या घरात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी जास्तच राहते. शिवाय स्वस्थ बसलेला माणूसही ८० ते १०० वॉट उष्णता बाहेर टाकत असतो. म्हणजे खोलीत चार माणसे झोपली, की छोटा हीटर लावल्यासारखेच झाले.

अशा हवेत गोधडी, कानटोपी आणि भिंतींच्या फटी बुजवणे एवढे पुरते. करंजात कोळशाची खरी गरज उरते ती पाणी तापवण्यासाठी. स्वयंपाकघराबाहेर मासे भाजणे हा दुसरा उपयोग. तिसरा उपयोग मात्र घराच्या सगळ्यांत आतल्या, सगळ्यांत बंद खोलीत होतो. तो म्हणजे बाळ-बाळंतिणीची शेक-शेगडी.

शेक-शेगडीत धोका कुठे?

महाराष्ट्रात अनेक घरांत बाळंतिणीला मालिश, कडकडीत पाण्याची आंघोळ आणि नंतर शेक दिला जातो. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी देतात. बाळालाही त्यावर धरले जाते. यामागचा हेतू मायेचाच आहे. आईचे अंग शेकून निघावे, बाळाला सर्दी होऊ नये.

अडचण पुढच्या पायरीवर येते. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकी लावली जाते, दाराला पडदा लागतो, फटीत चिंध्या कोंबल्या जातात. म्हणजे ज्या खोलीत निखारे आहेत, तिथेच हवा येण्या-जाण्याची वाट बंद होते. त्या खोलीत सर्वाधिक वेळ असतात ते काही दिवसांचे बाळ आणि थकलेली आई. दोघेही गाढ झोपेत असू शकतात.

धूर नाही म्हणजे धोका नाही, हे खरे का?

नाही, आणि हाच सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. ओले लाकूड धुमसले की डोळे चुरचुरतात, ठसका लागतो आणि माणूस आपोआप बाहेर येतो. लाकडी कोळशाचे तसे नाही. तो नीट पेटला की धूर जवळपास थांबतो. वरून राखाडी, आतून लालबुंद निखारा पाहून ‘आता शेगडी आत न्यायला हरकत नाही’ असे वाटते. पण याच निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडत असतो.

कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन. भरपूर हवा मिळाली तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. निखाऱ्यांच्या थरात मात्र प्राणवायू सगळीकडे सारखा पोहोचत नाही. त्यामुळे काही कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. श्वास सुरू राहतो, पण शरीराला प्राणवायू पोहोचेनासा होतो. गर्भवतीच्या रक्तातून तो पोटातल्या बाळापर्यंतही जातो.

हिशोब काय सांगतो?

१० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली घेऊ. तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. शेगडीत फक्त १०० ग्रॅम, म्हणजे साधारण मूठ-दोन मुठी कोळसा जळाला असे धरू. त्यात ८० ग्रॅम कार्बन आहे आणि त्याचा दहावा भाग अर्धवट जळाला, असे मानले तर सुमारे १८ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. खोली पूर्ण बंद असेल तर दर घनमीटर हवेत ५०० मिलिग्रॅमहून जास्त!

जागतिक आरोग्य संघटनेची घरातील हवेसाठीची मर्यादा १५ मिनिटांसाठी दर घनमीटर १०० मिलिग्रॅम आणि एका तासासाठी ३५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे मूठ-दोन मुठी कोळशानेच १५ मिनिटांची मर्यादा पाच पटींनी ओलांडली जाते. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा खेळते, त्यामुळे आकडा कमी होईल. पण शेगडीत कोळसाही १०० ग्रॅमपेक्षा जास्तच असतो.

उघडी शेगडी ‘जास्त ऊब देते’ असे वाटते, त्याचेही कारण हेच. तिची सगळी उष्णता खोलीत राहते, कारण तिचा सगळा वायूही खोलीतच राहतो.

मग एक खिडकी किलकिली ठेवली तर चालेल?

त्यावर विसंबू नये. किती फट पुरेल हे वाऱ्याची दिशा, खोलीचा आकार, कोळशाचे प्रमाण अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते आणि ते दर तासाला बदलते. समोरासमोर दोन खिडक्या उघड्या ठेवल्या तर हवा बदलते, पण मग ऊबही जाते. म्हणून नियम सोपा आहे : चिमणी नसलेली शेगडी झोपण्याच्या खोलीत नको. रात्री तर नकोच नको. ‘निजायच्या आधी विझवू’ हेही धोक्याचे. वरून विझलेले निखारे राखेखाली कित्येक तास धुमसत राहतात.

बाळ-बाळंतिणीसाठी पर्याय काय?

ऊब द्यायची आहे, पण त्यासाठी विस्तव त्याच खोलीत असायला हवा असे नाही.

• नवजात बाळाची खोली २५ अंशांच्या आसपास ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. करंजाच्या हवेत पंखा बंद ठेवून, दार-खिडकी गरजेपुरती लावून बहुतेक रात्री हे साधते. भिंतीवर साधा तापमापक लावला की अंदाज घ्यावा लागत नाही.

• बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे ठेवून वरून पांघरूण घालणे, ही सर्वांत खात्रीची ऊब. डोक्याला टोपी हवीच.

• आईच्या कंबर-पाठीला शेक हवा असेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून वापरावी. पिशवी बाळाच्या अंगाला लावू नये.

• पाणी परसात बंबावर तापवून आत आणावे. विस्तव बाहेर, ऊब आत.

• धुरी टाळावी. नवजात बाळाच्या श्वसनमार्गाला धूर सोसत नाही, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

घरातल्या आजीला किंवा मालिशवाल्या मावशींना ‘तुमचे सगळे चूक’ असे सांगायची गरज नाही. मालिश, गरम पाणी, विश्रांती हे सगळे ठेवता येते. फक्त शेगडी दाराबाहेर राहिली पाहिजे.

थंड प्रदेशांत कोळशाने घरे कशी तापवतात?

काश्मीर-लडाखमधील बुखारी आठवून पाहा. ती बंद लोखंडी पेटी असते आणि तिच्यातून निघालेला पत्र्याचा पाइप छतातून किंवा भिंतीतून बाहेर जातो. युरोप-अमेरिकेतील कोळशाची शेगडीही अशीच असते. दार बंद होणारी पेटी, हवा कमी-जास्त करायची झडप, खाली राखेचा कप्पा आणि चिमणी. गरम हवा हलकी असते, ती चिमणीतून वर जाते आणि तिच्या ओढीने खालून ताजी हवा आत येते. पेटीचा तापलेला पत्रा खोलीला ऊब देतो, वायू बाहेर जातो. चिमणी तुंबली, तर मात्र बंद पेटीही धोकादायक ठरते. म्हणून तिची नियमित सफाई करावी लागते.

आपली शेगडी स्वयंपाकासाठी बनलेली आहे, खोली तापवण्यासाठी नाही. तिला चिमणीच नाही. हा फरक लक्षात घेतला तर अर्धा प्रश्न सुटतो. दुसरी गोष्ट म्हणजे कोळशावर घरे तापवणारे देशही आता त्यापासून दूर जात आहेत. १९५२ च्या डिसेंबरमधील विषारी धुक्याने लंडनमध्ये हजारो बळी घेतले, त्यानंतर १९५६ मध्ये तिथे स्वच्छ हवेचा कायदा आला. इंग्लंडमध्ये घरगुती वापराच्या पारंपरिक दगडी कोळशाच्या विक्रीवर २०२१ पासून टप्प्याटप्प्याने बंदी घालण्यात आली.

बंब घ्यायचा तर काय पाहावे?

बंबाची रचना मुळातच शहाणपणाची आहे. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, भोवती पाण्याची टाकी. नळी हीच चिमणी. जाळ तिच्यातून वर जातो आणि जाता-जाता भोवतालचे पाणी तापवतो. खरेदीपूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

• धातू : करंजाच्या खाऱ्या हवेत साधा पत्रा लवकर गंजतो, जस्ताचा मुलामा दिलेलाही फार काळ टिकत नाही. तांबे किंवा चांगले स्टेनलेस स्टील महाग पडले तरी टिकते. तांब्याच्या बंबाला जस्ताच्या मुलाम्याचा पाइप जोडू नये. दोन वेगळे धातू ओलसर, खाऱ्या हवेत एकमेकांना लागले की त्यातला एक झपाट्याने झिजतो.

• सांधे : बंबात पाणी भरून काही तास ठेवावे. तळाशी आणि तोटीजवळ ओल येते का, ते पाहावे.

• झाकण : पाण्याच्या टाकीचे तोंड कधीही घट्ट बंद करू नये. वाफेला वाट हवी, नाहीतर दाब वाढतो.

• पाणी आधी, जाळ नंतर : रिकामा बंब पेटवला तर सांधे उकलतात.

• आकार : चार जणांच्या कुटुंबाला एका वेळी २० लिटर कढत पाणी मिळाले तरी त्यात गार पाणी मिसळून सगळ्यांची आंघोळ आटोपते. विनाकारण मोठा बंब घेतला तर रोज जास्त कोळसा जाळावा लागतो.

बंब ठेवायचा कुठे?

न्हाणीघरात नको. परसात किंवा तीन बाजूंनी उघड्या पडवीत ठेवावा. शाळेच्या भूगोलातील खारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात, तर रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. बंब पेटतो पहाटे. म्हणजे त्या वेळी धूर बहुधा समुद्राच्या दिशेने जाणार. त्या बाजूला आपली किंवा शेजाऱ्याची झोपायची खिडकी नाही ना, हे पाहावे. दोन-तीन दिवस पहाटे उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते पाहिले तरी जागा ठरते.

कोळीवाड्यातील घरांची आणखी एक अडचण आहे. परसात नायलॉनची जाळी, दोर, प्लास्टिकचे क्रेट आणि कधी बोटीसाठीच्या डिझेलचा कॅन असतो. हे सगळे ठिणगीने पेट घेणारे. बंबाभोवती किमान दोन हात मोकळी, फरशीची किंवा सिमेंटची जागा ठेवावी. डिझेल तर त्या बाजूला असूच नये. लहान मुले कढत पाण्याच्या तोटीपर्यंत पोहोचू नयेत, याची काळजी घ्यावी. राख पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, घराबाहेर ठेवावी.

कोळसा कोणता घ्यावा?

घरासाठी दगडी कोळसा नकोच. भारतीय दगडी कोळशात राख भरपूर असते आणि जळताना गंधकाचे वायूही निघतात. घरात दगडी कोळसा जाळल्याने होणारा धूर कर्करोगास कारणीभूत असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे. प्रक्रिया न केलेला दगडी कोळसा घरगुती इंधन म्हणून वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये स्पष्ट केले.

लाकडी किंवा करवंटीचा कोळसा घ्यावा. चांगला कोळसा हलका, कोरडा असतो आणि एकमेकांवर आपटला की खणखणीत वाजतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो ओल धरतो, म्हणून गोणी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी. जुन्या होडीच्या रंगवलेल्या किंवा डांबर लावलेल्या फळ्या, प्लायवूड आणि फायबरचे तुकडे बंबात घालू नयेत. बोटीच्या तळाला लावायच्या रंगात तांब्याची संयुगे असतात, त्यांचा धूर विषारी असतो.

कोळसा कुठून आला, हेही विचारावे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये कोळशाचा समावेश वनोपजात आहे आणि त्याच्या वाहतुकीवर वन विभागाचे नियंत्रण असते. रायगडमधील कातकरी कुटुंबे वर्षानुवर्षे कोळसाभट्ट्यांवर कोळसा पाडायला जात आली आहेत. उचल घेऊन वेठीला बांधले जाण्याचा अनुभवही त्यांच्याच वाट्याला आला. स्वस्त गोणीमागे हा इतिहास आहे.

बंब, गॅस की वीज? स्वस्त काय पडेल?

२० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला ७०० किलोकॅलरी उष्णता लागते. त्यावरून हिशोब असा :

• लाकडी कोळसा : एका किलोत सुमारे ७,००० किलोकॅलरी. बंबात त्यातली एक तृतीयांश पाण्याला मिळाली असे धरले तर सुमारे ३०० ग्रॅम.

• गॅस : एका किलोत सुमारे ११,००० किलोकॅलरी. गिझरमध्ये ८० टक्के उष्णता पाण्याला मिळाली तर सुमारे ८० ग्रॅम. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अशा १७५ च्या आसपास खेपा.

• वीज : सुमारे ०.९ युनिट.

आपल्या गावातला कोळशाचा भाव, सिलिंडरचा दर आणि वीजबिलातील शेवटच्या टप्प्याचा दर घेऊन गुणाकार केला की उत्तर मिळते. विकतचा कोळसा अनेकदा वाटतो तितका स्वस्त पडत नाही. करवंट्या, झावळ्या, सोडणे घरचीच असतील तर बंबाला तोड नाही. छतावर जागा असेल तर सौर बंब पावसाळा सोडून बहुतेक दिवस काम भागवतो.

गॅस गिझर घेतला तरी एक गोष्ट विसरू नये. हवा कमी पडली की त्यातूनही कार्बन मोनॉक्साइडच निघतो. तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या जागी बसवावा.

त्रास होतोय हे कसे ओळखावे?

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, गुंगी, हातापायांतले बळ गेल्यासारखे वाटणे ही सुरुवातीची लक्षणे. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असे होत असेल आणि बाहेर आल्यावर बरे वाटत असेल, तर संशय पक्का समजावा. बाळ मात्र काही सांगू शकत नाही. ते दूध ओढत नसेल, नेहमीपेक्षा सुस्त असेल तर वाट पाहू नये.

करोनाकाळात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. प्राणवायू चिकटलेले आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला वेगळे ओळखता येत नाही. त्यामुळे माणूस गंभीर असतानाही तो ९८ दाखवू शकतो.

अशा वेळी शेगडी विझवत बसू नये. दारे उघडावीत, सगळ्यांना मोकळ्या हवेत न्यावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना ‘खोलीत कोळसा पेटलेला होता’ हे आवर्जून सांगावे. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास ते काम सुमारे तास-दीड तासात होते. म्हणून बरे वाटले तरी रुग्णालय गाठावे.

खरेदीपूर्वीचे पाच प्रश्न

१. ऊब खोलीला हवी आहे, की फक्त गरम पाणी हवे आहे?

२. जळालेला वायू घराबाहेर कोणत्या वाटेने जाणार?

३. पहाटेचा वारा कोणत्या दिशेला वाहतो आणि तिथे कोणाची खिडकी आहे?

४. जवळपास जाळी, प्लास्टिक, डिझेल आहे का?

५. घरात बाळ, गर्भवती, आजारी किंवा वयस्कर व्यक्ती आहे का?

दुसऱ्या प्रश्नाला ठाम उत्तर नसेल, तर शेगडी अंगणातच ठेवावी.